आकड्यावरचा शेंदूर

खोटं कशाला सांगू, मी माझ्या जावेवर जळत होते. लुगड्या-दागिन्यावरून नव्हे, ते तिच्याकडंही नव्हतं आणि माझ्याकडंही नव्हतं. तिचा नवरा मुंबईहून आमच्या यारीवर आला आणि माझ्या नवऱ्याचा आवाज बारीक झाला, तिथून ते सुरू झालं. पुढं मी काय केलं ते आजवर कुणाला सांगितलं नाही. आता सांगते.

आम्ही विहिरी खणणारी माणसं. यारी घरची, माझ्या सासऱ्यांनी उभी केलेली. ज्यांनी यारी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिरीच्या काठावर जाड खांब रोवायचा, त्याला एक आडवा हात, हाताच्या टोकाला कप्पी, कप्पीवरून साखळी आणि साखळीच्या शेवटी लोखंडी आकडा. खांबापाशी फिरवायचे दांडे. चौघांनी दांडे फिरवले की आकडा वर येतो आणि त्याला अडकवलेली डबराची पाटी वर येते. खाली दगड फोडायला माणूस उतरतो तोही ह्याच आकड्यावरून आणि वर येतो तोही ह्याच आकड्यावरून. एवढं ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

खाली उतरणारे म्हणजे आमचे मालक, माझे यजमान. दांड्यावर मी आणि नात्यातले तिघं. काठावर बसून हुकूम सोडायला चुलत सासरे. अणदूरपासून बेंबळीपर्यंत कुणाच्या शिवारात विहीर धरायची म्हटली की आमच्याकडं माणूस यायचा. तेरा वर्षांत आमच्या यारीवर कुणाचं बोटसुद्धा चेंगरलं नव्हतं. निजामाचं राज्य होतं, पाटील-देशमुखांना मोठ्या अधिकाऱ्यांचा धाक होता, पण विहिरीच्या तोंडाशी आमच्या मालकांच्या शब्दापुढं पाटीलसुद्धा बोलत नसे.

आणि ते वर कसे यायचे! एक पाय आकड्यात, एक हात साखळीला आणि दुसरा हात कमरेवर. डोक्यावरचं मुंडासं धुळीनं पांढरं, पण मान ताठ. शिवारातल्या बाया पाण्याचं निमित्त काढून बघायला थांबायच्या. थांबू देत की. मी दांडा ओढत असायचे आणि मनात म्हणायचे, बघा बयांनो, बघा, ह्या माणसाला वर काढणारी मी आहे.

माझा स्वतःचा म्हणून एकच मान होता. दर आवसेला काम बंद असायचं. त्या दिवशी आकडा उतरवायचा, धुवायचा, नारळ फोडायचा आणि त्याला तेलात कालवलेला शेंदूर लावायचा. सासूबाई गेल्या तेव्हा शेंदराची वाटी माझ्या हातात आली. शेंदूर जुन्यावर नवा लावायचा, जुना काढायचा नाही, ही रीत. सासऱ्यांनी तो आकडा सोलापूरहून कडब्याच्या गाडीत लपवून करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावरून आणला होता, तेव्हापासूनचे थर त्याच्यावर होते. आकडा चांगला गुबगुबीत झाला होता. आम्ही त्याला देवच म्हणत होतो.

जर्मनच्या दुसऱ्या लढाईच्या वर्षांत दीर मुंबईहून परत आले. गोदीत होते ते. तिथं बोटींवर माल चढवायच्या-उतरवायच्या याऱ्या असतात, त्यांचे आकडे, साखळ्या, कप्प्या तपासायचं काम. एका तपासनीस साहेबाच्या हाताखाली सहा वर्षं काढली होती. काय बिनसलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण बायको, एक पत्र्याची पेटी आणि एक जाड वही घेऊन ते अणदूरला उतरले. त्या वेळी आम्ही गावच्या पाटलांच्या मळ्यात विहीर धरली होती. तिथंच पाल ठोकून राहत होतो. धाकटा भाऊ आला म्हणून मालकांचा आनंद बघण्यासारखा होता. मीही चहा केला, गूळ घालून. जाऊ म्हणाली, "अक्का, आमच्यात साखर घालत्यात." तिथंच पहिली ठिणगी पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आकड्यात पाय घालायला गेले, तर दीर मधे आले.

"दादा, थांबा. ही साखळी कधी तपासली होती?"

"तपासायची काय? रोज हातात असती."

दिरांनी पेटीतून लहान हातोडी काढली. साखळी जमिनीवर लांब पसरली आणि एकेका कडीवर ठकठक करत, कान लावून ऐकत गेले. चांगली कडी खणखणीत वाजते म्हणे, आतून गेलेली बद्द वाजते. सगळे गडी हातातलं काम टाकून बघत बसले. पाटीलही आले. चौदाव्या का पंधराव्या कडीवर दिरांनी खडूनं गोल काढला आणि म्हणाले, "ही बदला." नळदुर्गाच्या लोहारानं ती कडी घणाखाली धरली तर दोन ठोक्यांत उघडली. मग काय विचारता! पाटलांनी दिरांना बाजेवर बसवलं. आमचे मालक, ज्यांनी त्या माणसाच्या दोन विहिरी पाण्याला लावल्या, ते खाली उभे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्या दिवसापासून जिकडंतिकडं बोट आणि बोट. बोटीवर असं, बोटीवर तसं. बोटीवर प्रत्येक साखळीला नंबर ठोकलेला असतो, नंबराचा कागद नसला तर एक पोतं उचलू देत नाहीत. बोटीवर साखळी वर्षातनं एकदा भट्टीत लाल करून हळूहळू थंड करतात, म्हणजे तिचा ताठा जातो. बोटीवर लटकत्या ओझ्याखाली माणूस दिसला की त्या दिवशी त्याला घरी पाठवतात. मी एकदा म्हणाले, "भावजी, आमच्या हिरीत बोट कुठनं उतरवायची?" गडी हसले, दीरही हसले. जाऊ मात्र हसली नाही. तिच्या नवऱ्याची थट्टा तिला खपत नव्हती, आणि हे मला लई आवडलं.

सगळ्यात जिव्हारी लागला तो एक नियम. आकड्यावर उभं राहून माणूस खाली-वर करायचा नाही. दिरांनी दोराची जाळी विणली, तिच्यात पाटी बसवली आणि मालकांना त्या पाटीत मांडी घालून बसवलं. अहो, जो माणूस कमरेवर हात ठेवून वर यायचा, तो गाठोड्यासारखा मुटकुळं करून वर यायला लागला. पाणी भरायला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.  आणि मालक भाकरी खाताना म्हणाले, "शिकून आलाय तो. त्याचं ऐकाय पायजे." असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मला त्यांचाच राग आला, आणि त्याहून जास्त त्या दोघांचा.

मग तो परीक्षेचा धोंडा. आकड्यानं जेवढं ओझं रोज उचलायचं, त्याच्या सव्वापट वजनाचा दगड आवसेला आकड्याला लटकवायचा. विहिरीवर नेऊन अधांतरी तसाच ठेवायचा. खाली कुणी नाही, काठाशी कुणी नाही. दीर वहीत लिहीत बसायचे आणि जाऊ शेजारी बसून वहीत बघत असायची, जसं काही सगळं कळतंय. आम्ही त्या धोंड्याला पाव्हणा म्हणायचो. काम नाही, धाम नाही, वर चढवून ठेवायचा आणि सगळ्यांनी त्याच्याकडं बघत बसायचं.

पाव्हणा दोन आवसा लटकला, काही झालं नाही. मला वाटलं, आता तरी खूळ जाईल. उलट पाटलीणबाईंनी घरी हळदीकुंकवाला बोलावलं तेव्हा पहिली ओटी जावेची भरली. थोरली मी! घरातली, यारीवरची, वयानं, नात्यानं, सगळ्यानं थोरली मी. पाटलीणबाई म्हणाल्या, "हिचा नवरा नसता तर एखाद्या दिवशी काय झालं असतं कुणाला ठाऊक." माझ्या हातातला वाटाण्याएवढा खडीसाखरेचा खडा मी तिथंच उंबऱ्यावर ठेवून आले. घरी येऊन रडले. मालकांनी विचारलं, तर डोळ्यात धूर गेला म्हणाले.

उन्हाळा चढत होता. विहीर आठ परस, म्हणजे आठ माणसांच्या उंचीइतकी, खोल गेली होती, अजून दोन परस जायचं होतं. पाऊस यायच्या आत पाणी लागलं नाही तर पाटील दुसरी यारी बोलावणार, असं गडी कुजबुजत होते. अशात आवस आली आणि दिरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "साखळी बघितली, कप्पी बघितली. आकडा मात्र आजवर कुणी बघितलाच न्हाय. शेंदूर काढावा लागंल."

मी वाटी खाली ठेवली. "काय काढावं लागंल?"

"वैनी, आत लोखंडाचं काय झालंय ते शेंदराखाली दिसत न्हाय. मी खरवडतो, बघतो, मग तुमीच परत लावा."

"देवाचं कातडं सोलायचं म्हना की सरळ!" मी ओरडले. मला भान राहिलं नाही. "सासूबाईंनी लावलेला हाय त्यो. मामंजींनी लावलेला हाय. तुमच्या बोटीवरच्या साहेबाला इचारून लावलेला न्हाय."

चुलत सासऱ्यांनी मध्यम मार्ग काढला. शेंदूर काढावा, पण आधी माफीचा नारळ फोडावा, आणि परत लावायचा तो थोरल्या सुनेनंच. मालकांनी मान हलवली. मला कुणी विचारलं नाही. दिरांनी आकडा मांडीवर घेतला आणि खरवडायला सुरुवात केली. लाल पापुद्रे पडत होते, जाऊ ते जमिनीवर पडू नयेत म्हणून पदरात झेलत होती. तेही तिनंच करावं? माझ्या सासूच्या हातचा शेंदूर तिच्या पदरात?

आकडा उघडा झाला. काळा, बारीक, अगदी केविलवाणा. दिरांनी माझ्याच चिमणीतलं घासलेट मागितलं, रेशनचं. ते आकड्याच्या वाकाला चोळलं, थोड्या वेळानं कोरडं पुसून घेतलं आणि वर खडूची भुकटी फासली. सगळ्यांना समजावून सांगितलं, "भेग असली तर घासलेट तिच्यात शिरतं. वरून पुसलं तरी आतलं राहतं, आणि ते हळूहळू खडूत उतरतं. काळी रेघ दिसती. रेघ न्हाय दिसली तर आकडा चांगला. उद्या सकाळी उजेडात बघू." आकडा त्यांनी खांबाच्या बुडाशी ठेवला.

सकाळी पहिली उठले ती मी. शेणपाणी करायचं, चूल पेटवायची, हे रोजचंच. पण पाय आधी खांबाकडं वळले. सूर्य नुकता वर आला होता. राख फासल्यासारखा पांढरा आकडा तिथं पडला होता. आणि त्याच्या वाकात, जिथं मालकांचा पाय बसायचा तिथं, एक रेघ होती. केसाएवढी. ओली, काळी. वाकाच्या निम्म्यात गेलेली.

मी समजले नाही असं नाही. कालच तर ऐकलं होतं सगळं. मला अगदी चांगलं समजलं. आणि पहिला विचार काय आला, तर तो मालकांचा नव्हे. मला दिसलं ते असं, की आता सगळे उठतील, दीर बोट ठेवून रेघ दाखवतील, पाटील वाहवा करतील, पाटलीणबाई पुन्हा जावेची ओटी भरतील. आणि लोक म्हणतील, तेरा वर्षं हा येडा तुटक्या आकड्यावर पाय ठेवून मिरवत होता, नि त्याची बायको त्याच आकड्याला शेंदूर फासत होती.

वाटी पालात होती. मी ती आणली, बोटं बुडवली आणि आकडा लाल केला. रेघेवरून दोनदा बोट फिरवलं. मनाशी म्हणाले, आजचा एक दिवस जाऊ दे, उद्या मीच म्हणेन की मला काहीतरी दिसलं, आकडा बदला. म्हणजे तो मान माझा. लोखंड असं एका दिवसात कशाला तुटेल? तेरा वर्षं तुटलं नाही ते?

दीर आले, आकड्याकडं बघून थबकले. "वैनी, शेंदूर लावला?"

"देवाला असं पांढरं फटक ठेवत्यात व्हय? काकांनी सांगितलंच हुतं, म्याच लावायचा म्हून."

"रेघ दिसली हुती का?"

"न्हाय."

"नक्की?"

"माझे डोळे फुटलेत का?"

ते माझ्याकडं बघत राहिले. परत खरवडतो म्हणाले असते तर चुलत सासरे काठी घेऊन उठले असते, तेही तिथंच दात घासत उभे होते. दीर म्हणाले, "बरं. मग धोंडा लटकवून बघू, आणि मग दादा उतरतील."

तेवढ्यात पाटील मळ्यात आले. ढग येऊन जात होते, त्यांना घाई. मालकांनी पाटलांचं तोंड बघितलं आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा जुना आवाज निघाला. "काल आवस झाली, आज धोंडा, उद्या आणि काय? हीर खणायची हाय का धोंडे टांगायचे हायत?" त्यांनी ती दोराची पाटी पायानं बाजूला सारली आणि आकडा साखळीला अडकवला. "फिरवा रं दांडं."

"दादा, आधी धोंडा."

"तू माझा बाप हायस का?"

असं ते भावाला कधीच बोलले नव्हते. दीर मागं सरले. मालकांनी साखळी धरली, पाय उचलला आणि आकड्यात घातला. दुसरा पाय अजून काठावर होता, दुसरा हात कमरेवर गेला. किती दिवस मी हेच बघायला तरसले होते! आम्ही चौघं दांड्यावर होतो. मी एका बाजूला, तिसरा गडी आला नव्हता म्हणून माझ्या समोर जाऊ, आणि दोन गडी.

मला बोलायचं होतं. 'भेग हाय', एवढे दोनच शब्द. पण जाऊ समोर होती आणि ती माझ्याकडंच बघत होती. तिच्यासमोर मी खोटी पडणार होते.  मालकांचा तळपाय मला दिसत होता, भेगाळलेला, आणि आंगठा बरोबर त्या जागी, जिथं मी बोट फिरवलं होतं. ते म्हणाले, "हं, सोडा." दुसरा पाय काठावरून निघायचा तेवढा राहिला होता.

मी दांडा अडकवून टाकला आणि धाडकन खाली बसले. "घेरी आली," म्हणाले, "मला धरा कुणीतरी." आणि मग खरंच थरथरायला लागले, दातावर दात वाजायला लागले. मालक आकड्यातून पाय काढून माझ्याकडं धावले. चुलत सासऱ्यांनी तोंडावर पाणी मारलं. कुणी म्हणालं ऊन, कुणी म्हणालं उपास. सगळे माझ्याभोवती जमले होते.

दिरांनी तेवढ्या वेळात कुणाला न विचारता धोंडा आकड्याला अडकवला. गडी, जाऊ आणि ते स्वतः, असे चौघांनी मिळून तो उचलला आणि विहिरीवर नेला. मी जमिनीवर पडल्या पडल्या बघत होते. धोंडा एक क्षण नीट लटकला. मग खट् असा आवाज झाला, मोठा नव्हे, वाळकी काटकी मोडल्यासारखा. तुटक्या आकड्यासकट साखळी वर उसळली. मग आठ परस खालून दगड आपटल्याचा आवाज आला.

मालक माझं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.  ते काठाशी गेले, वाकून बघितलं आणि तिथंच उकिडवे बसले. म्हणाले, "मी असतो की त्येच्या जागी."

आणि आता ऐका गंमत. चुलत सासरे माझ्यापुढं हात जोडून उभे राहिले. "आई भवानी हिच्या अंगात आली! आईनं हिला खाली बसवलं, पोराला वाचवलं!" झालं. बोलता बोलता सगळ्या शिवारात झालं. शेजारच्या मळ्यातल्या बाया माझ्या पाया पडायला आल्या. पाटलीणबाई स्वतः चालत आल्या आणि माझी ओटी भरली, खणानारळानं, जावेच्या आधी. पुढच्या मंगळवारी मला तुळजापूरला नेलं. मी देवळात उभी होते, सगळे माझ्याकडं बघत होते आणि मी आईच्या तोंडाकडं बघू शकत नव्हते. पण खरं सांगते, ओटी भरून घेताना आतून गोड वाटलं. तेव्हासुद्धा गोड वाटलं.

पाटलांनी दिरांना विचारलं, "तुमची ती घासलेटाची युक्ती काय झाली म्हणे? देवीला दिसलं ते तुम्हाला दिसलं न्हाय?" मी तिथंच पाट्या रचत होते. माझा हात थांबला. दीर म्हणाले, "माझी नजर चुकली, पाटील." बस्स. वर बघितलंही नाही.

आता त्यांची नजर चुकली कशी? त्यांनी तर ती रेघ बघितलीच नव्हती. हे मला कळत होतं. पण मी मनाची समजूत घातली, की हा आपली अब्रू सांभाळतोय. मग लोकांचं सुरू झालं. बोटवाला आला रे, बोटवाला गेला रे. ज्याला बाजेवर बसवायचे त्याला बघून गडी खोकायला लागले. दीर तरीही हातोडी घेऊन कड्या वाजवत राहिले, वहीत लिहीत राहिले. पाऊस लागला तेव्हा एक दिवस म्हणाले, "दादा, गोदीत परत बोलावलंय." मालक रडले. जाऊ माझ्या पाया पडली आणि नुसती "येते, अक्का" म्हणाली. मी तिला खण दिला. हलका होता.

ते गेले, पण दोन गोष्टी राहिल्या. परीक्षेचा धोंडा मालकांनी कधी सोडला नाही. आणि आकड्यावर पाय ठेवून ते पुन्हा कधी वर आले नाहीत. पाटीत बसून यायचे. लोक हसले तरी बसून यायचे.

पुढं रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला. आम्ही यारी तशीच टाकून सोलापूरला पळालो, पुष्कळ लोक पळाले तसे. राहायचं कुठं, तर जावेच्या खोलीत. दीर मुंबईला गोदीत, ती सोलापुरात माहेराजवळ खोली घेऊन राहत होती. तिच्या दारात गाठोडं घेऊन उभं राहायला मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं गाठोडं आत घेतलं. चहा केला, गूळ घालून. म्हणाली, "तुम्हास्नी गुळाचा लागतो ना."

त्या चाळीत बायकांसाठी अक्षरं शिकवायचा वर्ग निघाला. मी हट्टानं गेले. का, तर जावेला वाचता येतं आणि मला नाही, हे माझ्या मनात किती वर्षं सलत होतं. मी शिकले, अडखळत का होईना, वाचायला लागले. तेव्हा मला कळलं की तिला एक अक्षर येत नव्हतं. वहीत ती नुसती नवऱ्याची लिहिणारी बोटं बघत बसायची! मला इतका आनंद झाला की दोन दिवस मी तिच्याशी लाडानं बोलत होते.

एका दुपारी तिनं पत्र्याची पेटी उघडली आणि ती वही माझ्यापुढं ठेवली. "अक्का, आता तुम्हाला येतं. बघा तर ह्यात आपल्या यारीचं काय लिवलंय. मला कधी कुणी वाचून दावलं न्हाय."

पानं उलटत गेले. साखळी, कड्या, कप्पी, धोंडा, सगळं ओळीनं. मग ते पान आलं. अक्षर दिरांचं, मोठं आणि सरळ. मी मनात वाचलं. 'आकडा वाकाशी तुटला. भेग जुनी. शेंदूर ताजा. तपासणाऱ्यानं स्वतःच्या डोळ्यानं न बघता शब्दावर भरवसा ठेवला, ही तपासणाऱ्याची चूक.' त्याखाली आणखी एक ओळ होती. 'दादांचा पाय आकड्यात होता. वैनींनी थांबवलं.'

"काय लिवलंय?" जावेनं विचारलं.

काही नाही, असं म्हणणं किती सोपं होतं. तिला वाचता येत नव्हतं. पूर्वी एका 'न्हाय'वर भागलं होतं, आताही भागलं असतं.  मी बोट अक्षरांखाली ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं. सगळं वाचलं, शेंदूर ताजा, हेसुद्धा. वाचून झाल्यावर वही मिटली आणि तिच्याकडं न बघता म्हणाले, "रेघ म्या बघितली हुती. म्याच शेंदूर लावला तिच्यावर. तुझ्यावर जळून."

ती पेटी आवरत होती, आवरतच राहिली. "मला ठावं हाय," म्हणाली. "त्या दिवशी म्या तुमच्या समोर दांड्यावर हुते. तुमच्या बोटांचा शेंदूर ओला हुता, आन तुम्ही दादांच्या पायाकडं बघत हुता. म्या ह्यांना तवाच सांगितलं. हे म्हणाले, बोलू नगंस. वैनीला तिचा माणूस पहिल्यासारखा ताठ मानेचा हवा हुता, आन तिनं त्याला वाचिवला बी. एवढं पुरं हाय."

एवढी वर्षं तिला ठाऊक होतं. पाया पडली तेव्हा ठाऊक होतं, तो हलका खण घेतला तेव्हा ठाऊक होतं, गुळाचा चहा दिला तेव्हाही. आणि ती गप्प होती. मला तिचे पाय धरायला हवे होते. धरलेही, थोड्या वेळानं. पण त्या आधी माझ्या मनात जे आलं ते मी लपवणार नाही. असा नवरा हिचा आहे, आणि गप्प राहायचं इतकं बळ हिच्यात आहे, ह्याचा मला हेवा वाटला.